संगोपित विद्यार्थ्यांचे उच्च शिक्षण आणि स्मृतिशिष्यवृत्ती : अठराव्या वर्षानंतरचा प्रश्न

थोर व्यक्तीच्या स्मरणार्थ शैक्षणिक साहाय्य देणे हा महाराष्ट्रातील जुना प्रघात होय. राज्य शासनाच्या बालसंगोपन योजनेस जोडलेले क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव या संदर्भात विशेष अर्थपूर्ण आहे. काशीबाई या ब्राह्मण विधवेस १८७४ मध्ये झालेला मुलगा, यशवंत, जोतीराव व सावित्रीबाई यांनी पुण्यात दत्तक घेतला. १८९० मध्ये जोतीराव निवर्तले तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. तरीही तो डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगच्या साथीत सावित्रीबाईंसमवेत रुग्णसेवेत उतरला.

दत्तकविधान व संगोपन यांत भेद आहे. दत्तक मूल कायद्याने त्या कुटुंबाचेच होते. संगोपनात मूल नातलगांकडे किंवा अन्य कुटुंबात वाढते, परंतु त्यास वारसाहक्क लाभत नाही. अनाथ, एक पालक गमावलेली, तसेच पालक दुर्धर आजारी वा कारागृहात असलेली बालके या योजनेच्या कक्षेत येतात. २०२३ पासून दरमहा २,२५० रुपये दिले जातात. ही रक्कम अठराव्या वर्षी थांबते. विद्यार्थी पदवीच्या पहिल्या वर्गात पाऊल ठेवतो तेही साधारणतः याच सुमारास.

पुढील तरतुदी आहेत, पण त्या या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचतातच असे नाही. बालन्याय अधिनियम, २०१५ चे कलम ४६ अनुरक्षणाचे साहाय्य बालगृहासारख्या संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांस देते. आजीकडे वा मावशीकडे वाढलेला मुलगा कलमाच्या शब्दांत बसत नाही. राज्याने २०१८ मध्ये लागू केलेले एक टक्का आरक्षण अनाथांसाठी आहे. आई हयात असलेला, परंतु काकांनी सांभाळलेला विद्यार्थी तेथेही वगळला जातो. शुल्कमाफी मिळाली तरी निवासाचा व प्रवासाचा खर्च उरतोच, ही बाब धोरणचर्चेत सहसा दुर्लक्षित राहते.

पिंपळे सौदागरसारख्या परिसरात या उणिवेस वेगळी धार येते. पवनाकाठचे हे गाव माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील नोकरदारांची वसाहत बनले असून घरभाडे त्यांच्या वेतनाच्या मानाने ठरते. दुसरीकडे चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात बारावी उत्तीर्ण तरुणास कंत्राटी काम मिळू शकते. सांभाळणाऱ्या कुटुंबाचे मासिक साहाय्य बंद होताच पदवीपेक्षा पाळीचे काम निकडीचे ठरणे स्वाभाविक आहे. अशा गळतीस शिक्षणाविषयीची अनास्था म्हणणे अन्यायाचे होईल.

महाविद्यालयांतील स्मृतिशिष्यवृत्त्या येथे उपयोगी पडू शकतात. मात्र बहुतेक ठिकाणी त्या गुणानुक्रमाने, वर्षातून एकदा, समारंभपूर्वक दिल्या जातात. संगोपित विद्यार्थ्यास वर्षाअखेरच्या पारितोषिकापेक्षा दरमहाच्या रकमेची गरज असते. देणगीच्या अटी ठरवितानाच वयोमर्यादा वगळणे, साहाय्य पदवी पूर्ण होईपर्यंत चालू ठेवणे आणि पालकांच्या मृत्यूच्या दाखल्याऐवजी बालकल्याण समितीचा जुना आदेश पुरावा म्हणून स्वीकारणे शक्य आहे. हा आदेश विद्यार्थ्याच्या घरी बहुधा असतोच. प्रवेश अर्जात त्याविषयी विचारणा करणारा रकाना मात्र क्वचितच आढळतो.