आधी घर, मग ॲप : आंग मो किओतून दिसणारी साठ वर्षांची धोरणं

दोन डॉलर, पाच डॉलर, दहा डॉलर. सिंगापूर सरकार कुटुंबांना देतं त्या सीडीसी व्हाउचरचं पान फोनवर उघडलं की या रकमा समोर येतात. हव्या तेवढ्या निवडायच्या, येणारा क्यूआर कोड दुकानदाराला दाखवायचा आणि जेवणाचं ताट उचलायचं. आंग मो किओच्या हॉकर सेंटरमध्ये हे आता रोजचं झालंय. कुटुंबातल्या एकानं सिंगपास या सरकारी डिजिटल ओळखीनं व्हाउचर घेतली, की तीच लिंक घरातल्या बाकीच्यांना पाठवता येते. डिसेंबर २०२१ पासून ही व्हाउचर फोनवर आली. पण ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, त्यानं कम्युनिटी क्लबात जावं. तिथला माणूस ती कागदावर छापून देतो. या सगळ्या यंत्रणेत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा छापील कागद. तंत्रज्ञानानं समाज बदलतो असं आपण सर्रास म्हणतो. पण कागद छापून देणारा माणूस तिथं बसवायचा की नाही, हे धोरण ठरवतं, आणि त्या धोरणाची मुळं फोनच्या कितीतरी आधीची आहेत.

सिंगापूरच्या अर्थव्यवस्थेचे शिल्पकार म्हणून गोह केंग स्वी यांचं नाव घेतलं जातं. मंत्री होण्यापूर्वी ते समाजकल्याण खात्यात होते. १९५३-५४ मध्ये त्यांनी शहरातल्या कुटुंबांची मिळकत आणि घरांची पाहणी केली. तिचा अहवाल १९५६ मध्ये आला. मराठी वाचकाला इथं धनंजयराव गाडगीळ आठवावेत. त्यांच्या नेतृत्वाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेनं पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी केली आणि तिचा पहिला भाग १९४५ मध्ये छापला. पुढे प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत विठ्ठलराव विखे पाटलांच्या पाठीशी उभे राहिले तेही गाडगीळच. आधी लोकांच्या घरातली परिस्थिती मोजायची आणि मग योजना आखायची, ही शिस्त दोघांचीही.

१ फेब्रुवारी १९६० रोजी गृहनिर्माण मंडळ, म्हणजे एचडीबी, स्थापन झालं तेव्हा सरकारी घरांत राहणारे लोक जेमतेम नऊ टक्के होते. २५ मे १९६१ ला बुकित हो स्वीच्या झोपडवस्तीला आग लागली, सुमारे सोळा हजार माणसं उघड्यावर आली. मंडळाचे पहिले अध्यक्ष लिम किम सान यांनी त्याच जागी वर्षभरात इमारती उभ्या करायला सुरुवात केली. १९६४ मध्ये घरं विकत द्यायला सुरुवात झाली, १९६८ मध्ये भविष्यनिर्वाह निधीतून हप्ते भरायची मुभा मिळाली. पगारातून कापली जाणारी बचत घरात वळवणं, ही माझ्या मते या साऱ्या धोरणातली सर्वांत मोठी कल्पना. संयुक्त राष्ट्रांच्या पथकाबरोबर १९६० मध्ये आलेले डच अर्थतज्ज्ञ आल्बर्ट विन्सेमियस १९८४ पर्यंत सरकारचे सल्लागार राहिले. उद्योगवाढीचा आणि घरांचा संबंध सरळ होता : कारखाने आणायचे तर कामगार टिकायला हवा, आणि कामगार टिकायचा तर त्याच्या डोक्यावर छप्पर हवं.

आंग मो किओची बांधणी १९७३ मध्ये सुरू झाली. खेडी आणि रबराचे मळे होते तिथं लिऊ थाय केर यांच्यासारख्या नियोजकांच्या आराखड्यानुसार वसाहती उभ्या राहिल्या. प्रत्येकीला तिचा बाजार, शाळा, दुकानं. सुरुवातीच्या कित्येक इमारतींत लिफ्ट ठरावीक मजल्यांवरच थांबायची, मधल्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांना जिने चढावे उतरावे लागायचे. २००१ पासूनच्या दुरुस्ती योजनेत लिफ्ट मजल्यामजल्यावर थांबू लागली.

या घरबांधणीची किंमतही मोठी होती. १९६६ च्या भूसंपादन कायद्यानं सरकारला बाजारभावापेक्षा पुष्कळ कमी दरात जमीन घेता आली. आपल्याकडे त्याच सुमारास, १९७० मध्ये, सिडको स्थापन झाली. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या नव्या शहराचं, म्हणजे नवी मुंबईचं, स्वप्न मांडलं होतं. तिथल्या शेतकऱ्यांनी मात्र प्रश्न विचारला. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जणांचा बळी गेला. साडेबारा टक्के विकसित जमिनीचा मोबदला त्या लढ्यातून मिळाला. सिंगापूरचा वेग वाखाणताना जासईची आठवण ठेवावी, असं मला मनापासून वाटतं.

तंत्रज्ञान या पायावर आलं. १९८१ मध्ये राष्ट्रीय संगणक मंडळ. १९८४ मध्ये आंग मो किओतच, आज एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीनं देशातला पहिला चिप-वेफर कारखाना सुरू केला. २००३ मध्ये सिंगपास आलं. २०१४ मध्ये इथलेच खासदार आणि तेव्हाचे पंतप्रधान ली सिएन लूंग यांनी 'स्मार्ट नेशन'ची घोषणा केली. भारताचं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबारच्या टेंभली गावातून सुरू झालं, त्यामागं नंदन निलेकणी यांची कल्पनाशक्ती होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये पैसे पाठवण्याच्या दोन यंत्रणा, सिंगापूरची पेनाऊ आणि भारताची यूपीआय, जोडल्या गेल्या, आणि इथल्या मराठी घरातून आईच्या खात्यात पैसे क्षणात पोचू लागले.

पण यंत्रावरचा विश्वास शब्द पाळण्यावर अवलंबून असतो. मार्च २०२० मधलं ट्रेसटुगेदर ॲप केवळ साथीच्या संपर्कशोधासाठी आहे, असं सांगितलं गेलं होतं. जानेवारी २०२१ मध्ये पोलिसांनाही ती माहिती मागवता येते हे उघड झालं आणि लोक दुखावले. फेब्रुवारीत कायदा करून ती मुभा सात प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांपुरती ठेवावी लागली. सरकारनं आधीच नीट सांगायला हवं होतं.

इथल्या मराठी कुटुंबांना धोरणाची धार घर घेताना कळते. १९८९ पासून एचडीबीच्या प्रत्येक इमारतीत वंशनिहाय मर्यादा आहे. भारतीय आणि इतर यांच्यासाठी इमारतीत पंधरा टक्के. वस्त्या वेगवेगळ्या पडू नयेत हा हेतू मला पटतो. पण चिनी कोटा भरलेल्या इमारतीत भारतीय विक्रेत्याला चिनी ग्राहकाला घर विकता येत नाही, आणि अल्पसंख्याकाला कमी भाव पत्करावा लागतो. २०२२ पासून काही प्रकरणांत एचडीबी स्वतः अशी घरं विकत घेऊ लागली, ते उशिरा का होईना झालं. शाळेतही मातृभाषेच्या विषयात हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू आहेत; मराठी नाही. बहुतेक मराठी मुलं हिंदी घेतात, मराठी घरात आणि महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांत टिकवावी लागते.

घराच्या धोरणाची धार आंग मो किओतही दिसली. एप्रिल २०२२ मध्ये इथल्या ॲव्हेन्यू ३ वरच्या ५६२ ते ५६५ क्रमांकांच्या चार इमारती पाडून पुनर्वसन करायचं जाहीर झालं. ६०६ घरं, रहिवासी बरेचसे वयस्क. नव्या ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याच्या तेवढ्याच मोठ्या घरासाठी पदरचे पैसे घालावे लागतील, हे लक्षात येताच लोक बोलू लागले. जुलैमध्ये एचडीबीनं पन्नास वर्षांच्या भाडेपट्ट्याचा स्वस्त पर्याय दिला. १९७० च्या दशकातल्या घरांना सत्तर वर्षं होतील तेव्हा निवडलेल्या वसाहतींतल्या इमारती सरकारने परत घ्याव्यात का, यावर तिथल्या रहिवाशांचं मतदान घेण्याची योजना २०१८ मध्ये जाहीर झालेली आहे, आणि तिचा मोबदला या पुनर्वसनापेक्षा कमी असेल, हे सरकारनं तेव्हाच सांगून ठेवलंय.