खाण तशी माती? पैदासकाराला विचारा

पीक पैदाशीतल्या जनुकीय भाकिताचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं : "म्हणजे आता संगणक सगळ्यांत भारी दोन वाण शोधून देणार, त्यांचा क्रॉस करायचा, की त्याहून भारी वाण हातात!" शेतकरी मेळाव्यात येतं, बातम्यांत येतं, शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडूनही येतं. ऐकून कान किटले, म्हणून एकदा सविस्तर.

आधी भाकीत म्हणजे काय ते. मोविसेन, हेज आणि गोडार्ड या तिघांनी २००१ मध्ये 'जेनेटिक्स' या नियतकालिकात ही पद्धत मांडली. पिकांत ती अशी चालते : काहीशे वाणांची शेतात चाचणी घ्यायची, प्रत्येकाचा डीएनए हजारो ठिकाणी वाचायचा आणि त्यातल्या प्रत्येक ठिकाणच्या फरकाने उत्पादन किती हलतं याचा अंदाज सगळ्यांचा एकदमच काढायचा. एकदा हे आकडे हाताशी आले की नव्या रोपाच्या पानाचा तुकडा प्रयोगशाळेत द्यायचा. रोप शेतात वाढण्याआधीच बेरीज करून त्याला गुण देता येतात.

आता या गुणांच्या यादीतले पहिले दोन वाण उचलले, तर काय मिळतं? संततीची सरासरी चांगली मिळते. बस, एवढंच. पण पैदासकाराला सरासरीशी काय देणंघेणं? हजार रोपांतली चार-दोन पुढे न्यायची असतात, बाकीची बाद करायची असतात. त्याची नजर सरासरीच्या खूप वर गेलेल्या मोजक्या रोपांवर असते, आणि ती किती वर जातील हे भावंडाभावंडांत किती फरक पडतो यावर ठरतं.

समजा, गव्हात उत्पादन ठरवणाऱ्या फक्त दहाच जागा आहेत. (प्रत्यक्षात त्या कितीतरी जास्त असतात.) दोन वाण घेतले, दोघांतही पाच-पाच जागी चांगली जनुकं, म्हणजे दोघांनाही पाचच गुण. चांगल्या जागा दोघांच्या त्याच असतील, तर क्रॉस करा, हजारो वंश वाढवा, प्रत्येकाला पाचच गुण मिळणार. हंगाम पाण्यात! पण एकाच्या पाच जागा आणि दुसऱ्याच्या नेमक्या उरलेल्या पाच असतील, तर? सरासरी पुन्हा पाचच. मात्र स्थिर झालेल्या वंशांत शून्यापासून दहापर्यंत सगळे नमुने दिसतील, आणि या जागा एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर १०२४ वंशांमागे सरासरी एक दहापैकी दहा घेऊन येईल. दोन्ही वेळा आईबापांचे गुण तंतोतंत सारखेच होते, हे लक्षात घ्या.

यात नवं काही नाही. श्नेल आणि उट्झ यांनी १९७५ मध्येच क्रॉसची उपयुक्तता मोजायचं सूत्र दिलं होतं : सरासरी, अधिक निवडीतून पदरात पडणारा फायदा. आकडे घालून पाहू. एका क्रॉसची सरासरी १००, प्रमाण विचलन (म्हणजे भावंडांतल्या फरकाचं माप) ३. दुसऱ्याची सरासरी ९७, पण विचलन ६. निवड अचूक धरली, तर वरच्या ५ टक्के रोपांची सरासरी पहिल्यात १०६.२ आणि दुसऱ्यात १०९.४ येते. वरचा १ टक्काच ठेवला तर १०८ विरुद्ध ११३. 'कमअस्सल' आईबापांनी बाजी मारली! पण निम्मी रोपं राखली तर पहिला क्रॉस १०२.४ वर आणि दुसरा १०१.८ वर. म्हणजे कोणता क्रॉस चांगला, याचं उत्तर किती रोपं पुढे नेणार, म्हणजे तुमच्याकडे चाचणीला जमीन किती, यावरही ठरतं. हे न विचारता 'सर्वोत्तम जोडी' सांगणाऱ्याकडे जरा संशयाने बघावं.

आपल्या उसाचंच पाहा. को ८६०३२ हा वाण को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांच्या संकरातून आला. अशा संकराच्या बहुतेक भावंडांच्या नशिबी वाण म्हणून नावही येत नाही. उसात शंभरावर गुणसूत्रं, त्यात आईबाप स्वतःच सरमिसळीचे. एकाच तुऱ्यातल्या बियांपासून उगवलेली रोपंही एकमेकांसारखी निघत नाहीत. पुढे बेण्याने लागवड होते म्हणून एखादंच मनासारखं रोप सापडलं तरी भागतं. खाण तीच, माती मात्र दर रोपाला वेगळी.

हे पटलं की माणसं लगेच दुसऱ्या टोकाला जातात : "मग एकमेकांपासून सगळ्यांत लांबचे वाण घ्या, फरक आपोआप पडेल." नाही पडत. डीएनएवरचं अंतर मोजताना उत्पादनाशी काडीचा संबंध नसलेल्या जागाही धरल्या जातात. शिवाय लांबचा, रानटी वळणाचा नातेवाईक सरासरीच इतकी खाली ओढतो की वरचं टोकही घरच्या वाणाखाली राहू शकतं.

फरकाचंही भाकीत करता येतं. मार्करचे, म्हणजे डीएनए वाचलेल्या त्या ठिकाणांचे, परिणाम आणि ते गुणसूत्रावर एकमेकांजवळ किती, यावरून संगणकात आभासी संतती काढतात. पण इथेही हुरळून जायला नको. मिनेसोटा विद्यापीठातल्या नायहार्ट आणि स्मिथ यांनी बार्लीचे क्रॉस खरोखर शेतात वाढवून पडताळा घेतला ('क्रॉप सायन्स', २०१९). सरासरीचं भाकीत बऱ्यापैकी जुळलं, फरकाचं त्या मानाने कच्चं निघालं.

बाकीचे गैरसमज झटपट. हे जीएम आहे? नाही, बाहेरचं जनुक कुठे घातलं जात नाही, क्रॉस नेहमीसारखाच होतो, फक्त कोणाशी कोणाचा हे आधी तपासलेलं असतं. उत्पादनाचं जनुक सापडलं? तसं एक जनुक नसतंच. पुराच्या पाण्यात तग धरणारा स्वर्णा-सब१ हा भात मोठा परिणाम करणाऱ्या एकाच जनुकीय भागावर उभा राहिला, पण उत्पादनाचं गणित तसं सुटत नाही. चाचणी प्लॉटची गरज संपली? उलट, प्लॉटवरची मोजणी गबाळी असेल तर मॉडेलही गबाळंच शिकतं. आणि एकदा केलेलं मॉडेल कायमचं? दर पिढीत जनुकांची जुळणी मोडते, नातं लांब जातं, भाकीत ढासळत जातं. मराठवाड्यातल्या कोरडवाहू चाचण्यांवर शिकवलेलं मॉडेल पंजाबातल्या बागायती गव्हापुढे ठेवलं, तर ते गुण द्यायला बिलकूल कचरणार नाही. त्या गुणांवर भरवसा ठेवायला मात्र तुम्ही कचरा.