दोष शॉकअपचा नव्हे

महाकालाचं दर्शन आटोपून उज्जैनहून ओंकारेश्वराकडे निघालेली जुनी मारुती ओम्नी मागून पाहावी. पुष्कळदा ती एका कुशीवर कललेली असते. खड्ड्यात ‘खट्’ आवाज, वळणावर झोल, आणि निदान तयार: शॉकअप गेला! पण शॉकअप हेलकावे थोपवतो, वजन पेलत नाही. तो बाद झाला तर गाडी डुलत राहील. उभ्या जागी कलणार नाही. 1984 साली मारुती व्हॅन म्हणून आलेल्या आणि 2019पर्यंत बनलेल्या या गाडीचं मागचं ओझं टांग्याच्या घराण्यातल्या पोलादी पाट्यांवर, म्हणजे लीफ स्प्रिंगांवर असतं.

तेव्हा पान्याआधी टेप हाती घ्यावी. सपाट जागी, रिकाम्या गाडीत, चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्यापर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजावं. मध्यापासून मोजल्यानं टायरमधल्या कमी-जास्त हवेचा घोळ होत नाही. मग ज्या बाजूला अंतर कमी भरलं, तिकडचा चिखल ब्रशने काढून पाटे तपासावेत. तडा बहुधा मधल्या बोल्टच्या भोकापाशी किंवा टोकाच्या वळशाजवळ सापडतो. तुटीची कड गंजलेली असेल, तर दुखणं जुनं. आणि मुख्य पाटा नुसता वजन पेलत नाही, ॲक्सललाही जागेवर धरतो. तो तुटला की ॲक्सल सरकतो, गाडी तिरकी चालते.

‘एवढ्या जुन्या गाडीला नवे पाटे कशाला, वेल्डिंग करून टाका’ हा सल्ला खिशाला पटतो, पोलादाला नाही. पाट्याची लवचीकता उष्णतेच्या मोजक्या संस्कारातून येते. वेल्डिंगची आच तोच संस्कार मोडते आणि पाटा सांध्याशेजारी पुन्हा तुटतो. जादा पाटा चढवण्याची युक्तीही तशीच: गाडी उंच दिसते, पण दणका पाट्याऐवजी पत्र्याला आणि सवाऱ्यांच्या पाठीला बसतो. खर्चाचा आक्षेप मात्र खोटा नाही. खालचा एखादा दुय्यम पाटा तुटला असेल, तर तेवढाच त्याच मापाचा बदलून भागतं. मुख्य पाटा गेला असेल, तर दोन्ही बाजूंचे संच एकदम घ्यावेत. एक नवा नि एक थकलेला म्हणजे कल नुसता दुसरीकडे जातो. बदलताना बॉडी घोड्यांवर (आधाराच्या स्टँडवर) टेकवावी, ॲक्सलला वेगळा जॅक द्यावा, पाटे ॲक्सलला जखडणारे, ताणलेले यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत. पाट्यांच्या टोकांचे बोल्ट शेवटी, गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच आवळावेत. अधांतरी आवळले तर रबरी बुश कायम पिळलेले राहतात. काही दिवस गाडी धावली, की यू-बोल्टना पुन्हा एकदा पाना लावायचा.