गावातले सोलर पॅनेल नकाशावर आणूया : मोबाईल अ‍ॅपच्या मदतीने एक परिसर उपक्रम



परिसर अभ्यास शिकवताना आपण मुलांना नकाशा, दिशा, सूची आणि प्रमाण समजावून सांगतो. बहुतेक वेळा मात्र मुलं दुसऱ्याने काढलेला नकाशा वाचतात. आपण स्वतः नकाशात भर घालू शकतो, हे त्यांच्या मनातही येत नाही. आज जो उपक्रम सांगणार आहे, त्यात मुलं आपल्या वाडीवस्तीतले सोलर पॅनेल मोजतात आणि आपण मोठी माणसं ती माहिती मोबाईलवरून साऱ्या जगाला खुल्या असलेल्या नकाशावर नोंदवतो. खर्च काही नाही. एक स्मार्टफोन, वह्या, पेन्सिली आणि दोन-तीन तासिका एवढं पुरतं.

पण आधी एक प्रश्न. पॅनेल मोजून नकाशावर टाकायचे कशासाठी? त्याचा उपयोग कोणाला? मुलं हा प्रश्न विचारणारच, आणि विचारायलाच हवा. उत्तर समजून घ्यायला आपल्याला थोडं दूर, इंग्लंडला जावं लागेल.

ब्रिटनमध्ये काय झालं?

ब्रिटनमध्ये २०१० साली घरगुती सौर विजेला ठरावीक मोबदला देणारी योजना सुरू झाली आणि लोकांनी भराभर छतांवर पॅनेल बसवले. मार्च २०१९ मध्ये ती योजना नव्या अर्जांसाठी बंद झाली. तोपर्यंत देशात जवळपास दहा लाख ठिकाणी पॅनेल लागले होते. मोठ्या सौर प्रकल्पांच्या याद्या सरकारकडे होत्या. लहान छतांची अचूक जागा, पॅनेलचं तोंड कोणत्या दिशेला, ही माहिती मात्र कुठेच एकत्र मिळत नव्हती.

यात अडचण काय? वीज साठवणं महाग पडतं. म्हणून जेवढी वीज लोक वापरतात, तेवढीच त्या क्षणी तयार व्हावी लागते. हा ताळमेळ नियंत्रण कक्षातली माणसं दिवसरात्र सांभाळतात. घराच्या छतावर तयार झालेली वीज बरीचशी त्याच घरात वापरली जाते, त्यामुळे ती नियंत्रण कक्षाला दिसतच नाही. त्यांना फक्त एवढंच कळतं की अमुक भागाची मागणी कमी आहे. मग अचानक ढग येतो, हजारो छतांवरची वीज एकदम घटते आणि त्या भागाची मागणी वाढल्यासारखी दिसते. अशा वेळी हाताशी असावीत म्हणून गॅसवर चालणारी वीज केंद्रं आधीच चालू ठेवावी लागतात. म्हणजे सूर्याची वीज वापरायची आणि तिच्या भरवशासाठी धूरही काढायचा! ढग कुठून कुठे चाललाय ते उपग्रहावरून कळतं. पण ढगाखाली किती पॅनेल आहेत हे ठाऊक असेल, तरच वीज किती घटणार याचा अंदाज बांधता येतो.

२०१९ मध्ये तिथल्या स्वयंसेवकांनी हे काम हाती घेतलं. त्यांनी वापरला तो ओपनस्ट्रीटमॅप. हा नकाशांचा विकिपीडिया म्हणा ना. २००४ साली स्टीव्ह कोस्ट यांनी ब्रिटनमध्येच तो सुरू केला. कोणीही त्यात भर घालू शकतं आणि कोणीही तो मोफत वापरू शकतं. लोकांनी फिरता फिरता मोबाईलवर पॅनेल नोंदवले, काहींनी घरी बसून हवाई छायाचित्रांवरून नोंदवले. डॅन स्टोवेल आणि जॅक केली आदी संशोधकांनी ही माहिती सरकारी याद्यांशी जुळवली आणि २०२० मध्ये प्रसिद्ध केली. त्यात २,६०,००० पेक्षा जास्त ठिकाणं होती आणि देशाच्या एकूण सौर क्षमतेपैकी अंदाजे ८६ टक्के क्षमता त्यात आली. गंमत म्हणजे यातले स्टोवेल हे मुळात पक्ष्यांचे आवाज संगणकाला ओळखायला शिकवण्याच्या संशोधनासाठी ओळखले जातात.

आपल्याकडे याचं काय?

फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना सुरू झाली. देशभरातल्या एक कोटी घरांवर पॅनेल बसवण्याचं तिचं उद्दिष्ट आहे. तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या घरगुती यंत्रणेला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. त्यामुळे आपल्या छतांवरही पॅनेल दिसू लागले आहेत. राज्याच्या विजेचा ताळमेळ सांभाळणारं भारप्रेषण केंद्र नवी मुंबईत ऐरोलीला आहे. छतावरची सौर वीज वाढेल तसा ढगांचा प्रश्न आपल्याकडेही येणार, आणि आपल्याकडे तर चार महिने पावसाळा!

हवाई छायाचित्रांवरून हे काम होत नाही का, असं कोणी विचारेल. काही अंशी होतं. पण ही छायाचित्रं बरेचदा काही वर्षं जुनी असतात, त्यात गेल्या वर्षी लागलेले पॅनेल नसतात. शिवाय वरून पाहिलं की पॅनेल, पाणी तापवायचा सोलर बंब आणि छतावर टाकलेली निळी ताडपत्री यांत घोटाळा होतो. रस्त्यावर उभ्या असलेल्या चौथीतल्या मुलाला मात्र फरक लगेच कळतो. म्हणून गावात राहणाऱ्या माणसाने केलेल्या नोंदीला किंमत आहे.

पहिली तासिका : काय मोजायचं ते ठरवणे

बाहेर पडण्यापूर्वी वर्गात चार गोष्टी वेगळ्या करून घ्या.

१. छतावरचे वीज पॅनेल : सपाट, गडद निळे किंवा काळे, रांगेत बसवलेले. खाली पाण्याची टाकी नाही. हे मोजायचे.

२. सोलर बंब : वर आडवी गोल टाकी, खाली काचेच्या नळ्या किंवा काचेची पेटी. हा वीज करत नाही, पाणी तापवतो. नोंदवला तरी चालेल, पण प्रकार वेगळा. मुलांचा सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो. "टाकी आहे का बघा" एवढी एकच खूण दिली तरी काम होतं.

३. शेतातले सौर पंप : यांचे पॅनेल जमिनीवर सांगाड्यावर असतात. बहुतेक पंप महावितरणच्या तारेला जोडलेलेच नसतात, थेट मोटर चालवतात. यांच्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

४. रस्त्यावरचे सौर दिवे : खांबावरचा छोटा पॅनेल फक्त त्या दिव्यापुरता. हे या मोजणीतून वगळा.

मग वहीत पाच रकाने आखून घ्या : क्रमांक, जवळची खूण (उदा. मारुती मंदिरापासून तिसरं छत), पॅनेलची संख्या, तोंड कोणत्या दिशेला, वीज की बंब. घरमालकाच्या नावाचा रकाना ठेवायचा नाही. का, ते पुढे येईलच.

दुसरी तासिका : गल्लीतून फेरी

चार-पाच मुलांचा गट आणि प्रत्येक गटासोबत एक मोठं माणूस. इथे पालकांची मदत फार मोलाची आहे. मुलं रस्त्यावरूनच पाहतील. गच्चीवर, पत्र्यावर चढायचं नाही, कोणाच्या अंगणात न विचारता जायचं नाही. रस्त्यावरून सगळे पॅनेल दिसत नसतील तर संख्या रिकामी ठेवायची. "अंदाजे आठ असतील" असं लिहायचं नाही.

दिशेसाठी मोबाईलमधला होकायंत्र वापरा, पण पत्र्याच्या शेडजवळ किंवा गाडीला टेकून उभं राहू नका, सुई चुकते. आपण उत्तर गोलार्धात असल्यामुळे बरेच पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून बसवलेले दिसतील. पूर्वेकडे तोंड असलेला पॅनेल सकाळी जास्त वीज देतो, पश्चिमेकडचा दुपारनंतर. म्हणून दिशेची नोंद महत्त्वाची.

दुपारच्या सावलीवरून दिशा काढणार असाल तर सांभाळा हं. एरवी आपल्याकडे भर दुपारी सावली उत्तरेला पडते. पण मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात साधारण मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. शून्य सावलीच्या दिवसाचा धडा इथे आपोआप जोडता येतो.

तिसरी तासिका : अ‍ॅपवर नोंद

अँड्रॉइड फोनवर व्हेस्पुची आणि आयफोनवर गो मॅप ही अ‍ॅप मोफत मिळतात. नोंद शिक्षकाने किंवा पालकाने स्वतःच्या खात्यावरून करावी, मुलांनी वही वाचून दाखवावी. व्हेस्पुचीमध्ये पायऱ्या अशा :

१. ओपनस्ट्रीटमॅपच्या संकेतस्थळावर ईमेल देऊन खातं उघडा आणि अ‍ॅपमध्ये त्याच खात्याने लॉगिन करा.

२. आपल्या गल्लीवर नकाशा मोठा करा आणि तेवढ्याच भागाची माहिती डाउनलोड करा. सगळा तालुका उतरवायला जाऊ नका, फोन अडकतो.

३. तिथे पॅनेल आधीच नोंदवलेला आहे का, ते पाहा. असेल तर नवा बिंदू न टाकता त्याच नोंदीत भर घाला.

४. वरच्या कोपऱ्यातलं कुलूप उघडा. कुलूप बंद असेपर्यंत बदल करता येत नाही.

५. पॅनेल असलेल्या छतावर बिंदू टाका. मोकळ्या जागीसुद्धा जीपीएस चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो. एकमेकांना चिकटलेल्या घरांत तेवढ्याने बिंदू शेजाऱ्याच्या छतावर जातो. म्हणून मागे हवाई चित्र लावून बिंदू बोटाने योग्य छतावर आणा.

६. प्रकारांच्या यादीत इंग्रजीत सोलर असा शब्द टाकून शोधा. माहिती भरताना साधन 'जनरेटर', स्रोत 'सोलर' आणि पद्धत 'फोटोव्होल्टाइक' असायला हवी. बंब असेल तर पद्धत 'थर्मल'. जागा 'रूफ', म्हणजे छत. मग मॉड्यूलची संख्या आणि दिशा.

७. शेवटी अपलोड करा. काय बदललं ते एका ओळीत लिहायला सांगितलं जातं. "प्रत्यक्ष पाहून गावातले सौर पॅनेल नोंदवले" एवढं पुरे.

एक नियम पक्का लक्षात ठेवा. गुगल मॅपवर पाहून इथे काहीही उतरवायचं नाही. तो नकाशा त्या कंपनीच्या मालकीचा आहे. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आणि अ‍ॅपने वापरायला दिलेल्या हवाई चित्रांत दिसलेलं, एवढंच चालतं.

काही दिवसांनी ओपन इन्फ्रास्ट्रक्चर मॅप या संकेतस्थळावर मुलांना आपलं गाव दाखवा. ओपनस्ट्रीटमॅपमधल्या वीजविषयक नोंदी तिथे वेगळ्या काढून दाखवतात.

गणिताची जोड

हल्ली घरांवर बसणारा एक पॅनेल बरेचदा ५४० वॅटच्या आसपास असतो. असे ८ पॅनेल असतील तर ८ × ५४० = ४३२० वॅट, म्हणजे ४.३२ किलोवॅट. आपल्याकडे एक किलोवॅटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट धरतात. म्हणजे साधारण १७ युनिट. मुलांना घरचं वीजबिल आणायला सांगा आणि महिन्याचे युनिट याच्याशी ताडून पाहा. पाचवी ते सातवीला हे छान जमतं.

पण हे गणित वहीतच ठेवायचं. नकाशावर क्षमता लिहायची तर घरमालकाने स्वतः आकडा सांगितलेला हवा. जुने पॅनेल ३३० वॅटचेही असतात, रस्त्यावरून तो फरक कळत नाही. आपण मोजलेली संख्या ही माहिती आहे आणि त्यावरून काढलेले किलोवॅट हा अंदाज आहे. अंदाज माहिती म्हणून नोंदवला तर पुढे वापरणारा त्यावर विसंबून हिशोब करतो आणि त्याची फसगत होते. रिकामी जागा निदान खोटं बोलत नाही. मला विचाराल तर या उपक्रमातली मुलांसाठी सर्वात मोठी शिकवण हीच आहे.

काय नोंदवायचं नाही?

हा भाग पालकांनी विशेष वाचावा. ओपनस्ट्रीटमॅपवरची नोंद जगात कोणालाही दिसते. नंतर पुसली तरी जुना इतिहास मागे राहतो. म्हणून घरमालकाचं नाव, फोन, मीटर क्रमांक यांपैकी काहीही टाकायचं नाही. घरांचे फोटो काढायचे नाहीत. घरमालक "नको" म्हणाला तर त्याचं छत सोडून द्यायचं, त्यावर वाद घालायचा नाही.

शेतातल्या सौर पंपांबाबत माझं मत स्पष्ट आहे : ते मुलांकडून नोंदवून घेऊ नका. शेतातल्या पॅनेलच्या आणि केबलच्या चोऱ्या होतात, हे आपण सगळे ऐकतो. गावापासून लांब, रात्री राखणीला कोणी नसलेल्या जागेची अचूक खूण आपण का द्यावी? शिवाय तो पंप तारेला जोडलेला नसेल, तर विजेच्या ताळमेळासाठी त्या नोंदीचा उपयोगही नाही. वहीत संख्या मोजा, गावात किती पंप आहेत त्याचा तक्ता वर्गात लावा, तेवढं पुरेसं आहे.

सुरुवात शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या छतापासून करा. सार्वजनिक इमारत आहे, मुख्याध्यापकांना किंवा सरपंचांना विचारलं की परवानगीही लगेच मिळते. शाळेवर पॅनेल नसतील तर प्राथमिक आरोग्य केंद्र पाहा. पहिली एकच नोंद पूर्ण आणि खरी करा : किती, कुठे, तोंड कुठे. मग गल्ली घ्या. दर वर्षी नवी चौथी हीच फेरी पुन्हा करील आणि मागच्या वर्षीच्या वहीशी ताडून पाहील. गावात किती पॅनेल वाढले, याची नोंद मग तुमच्या शाळेच्या कपाटात असेल.