चिमुकल्या तोंडचें गाऱ्हाणें

सायंकाळीं मूल शाळेंतून घरीं येतें, दप्तर कोपऱ्यांत टाकतें आणि हातपाय धुऊन खाण्यास बसतें. त्या वेळीं घरांतील वडीलधारीं माणसें त्यास बहुधा तीनच प्रश्न विचारतात : अभ्यास काय दिला, डबा संपविलास काय, आणि परीक्षेंत गुण किती पडले. आज तुला कशाची भीती वाटली काय, असें आम्हांपैकीं किती जण विचारतात? शाळेंत मुलें सुरक्षित असावीं याविषयीं हल्लीं पुष्कळ बोललें जातें; कॅमेरे, पहारेकरी, ओळखपत्रें यांची चर्चा होते. तीं साधनें अवश्य असावीं. परंतु संकटाची पहिली वर्दी कित्येकदां मुलाच्याच तोंडून येते, आणि ती ऐकून घेण्याची संवय मोठ्यांस नसल्यामुळें व्यर्थ जाते, एवढेंच आम्हांस येथें सांगावयाचें आहे.

दुसऱ्यास दोष देण्यापूर्वीं आमच्याच घरची गोष्ट सांगतों. आमचा एक पुतण्या पहिलींत असतांना शाळेंत पाणी पिईनासा झाला. भरून दिलेली बाटली तशीच परत येई. वहिनी रागावल्या, आजीनें हट्टीपणा ठरविला, आणि आम्ही तर 'शहाण्या मुलानें कुरकुर करूं नये' असा उपदेश करून मोकळे झालों. पुढें लघवीची जळजळ होऊन त्यास ताप भरला, तेव्हां डॉक्टरांनीं जवळ घेऊन त्याजकडून कारण काढलें. शाळेच्या संडासाची कडी अडकत असे. एके दिवशीं तो आंत कोंडला गेला आणि मधल्या सुटीच्या गलबल्यांत त्याची हांक कोणासच ऐकूं गेली नाहीं. पुन्हां तेथें जावें लागूं नये म्हणून त्यानें पाणीच सोडलें होतें. हें त्यानें आम्हांस एकदां सांगितलेंही होतें. आम्ही हंसलों होतों! शाळेस कळवितांच दुसऱ्या दिवशीं कडी बदलली गेली. तिच्यापायीं मुलानें मात्र दोन महिने तहान सोसली.

आमचें प्रकरण तापावर भागलें. सर्वांचें तसें भागत नाहीं. बिहारांतील सारण जिल्ह्यांतल्या गंडामन या गांवीं १६ जुलै २०१३ रोजीं शाळेंतील दुपारच्या भोजनानें २३ मुलें दगावलीं. स्वयंपाकाच्या तेलांत मोनोक्रोटोफॉस हें कीटकनाशक उतरलें होतें. त्या वेळच्या वृत्तांतांप्रमाणें स्वयंपाकिणीस तेलाची शंका आली होती, मुलांनींही चव बरी नसल्याचें सांगितलें होतें. परंतु 'निमूटपणें खा' हाच हुकूम झाला. २५ जुलै २०२५ रोजीं राजस्थानांतील झालावाड जिल्ह्यांत, पिपलोदी येथें, शाळेचें छप्पर कोसळून सात मुलांचा अंत झाला. वरून खडे पडत आहेत असें आम्हीं सांगितलें, तर उलट आम्हांसच दरडावून बसविलें, असें वांचलेल्या मुलांनीं नंतर सांगितलें. दोन्ही ठिकाणीं सूचना मिळाली होती. ती लहान माणसाच्या तोंडची होती, म्हणून तिचें मोल झालें नाहीं.

मूल बोललें आणि घरानें ऐकलें तरी पुढें वाट सरळ असतेच असें नाहीं. ऑगस्ट २०२४ मध्यें बदलापूर येथील एका शाळेंत शिशुवर्गांतील दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचें उघडकीस आलें, तें घरच्यांनीं मुलीच्या वेदनेकडे लक्ष दिलें म्हणून. तथापि पोलीस ठाण्यांत फिर्याद नोंदविली जाण्यास कित्येक तास लागले. २० ऑगस्ट रोजीं लोक संतापून रेल्वेमार्गावर उतरले, आणि मुंबई उच्च न्यायालयानें स्वतः होऊन या प्रकरणाची दखल घेतली. गुन्ह्याची वर्दी न दिल्याबद्दल शाळेच्या चालकांवरही गुन्हा नोंदविण्यांत आला.

'पोलिसांत गेल्यास घराण्याची अब्रू जाईल, मुलीचें नांव होईल,' ही भीती आमच्यासारख्या कुटुंबांत मोठी असते. म्हणून कायदा काय म्हणतो हें प्रत्येक घरीं ठाऊक असावें. २०१२ च्या पॉक्सो कायद्यान्वयें असा गुन्हा कळल्यास पोलिसांस सांगणें हें प्रत्येक प्रौढ माणसाचें कर्तव्य आहे. दडविल्यास शिक्षा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखानें हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडविल्यास ती अधिक आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरीं किंवा त्यास रुचेल त्या जागीं, शक्यतोंवर स्त्री अधिकाऱ्यानें, गणवेश न चढवितां घ्यावयाचा असतो. मुलाची ओळख वृत्तपत्रांनीं प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. मग लाजावें कोणीं? ज्यानें गुन्हा केला त्यानें, कीं ज्याच्यावर तो झाला त्यानें?

आतां आमच्या वळणाविषयीं थोडें स्पष्ट बोलतों. वडिलांपुढें बोलूं नये, गुरुजींचें नांव सांगूं नये, आलेल्या पाहुण्यास पापी द्यावी, हें सारें आम्हीं मुलांस प्रेमानेंच शिकविलें. आमच्या लहानपणीं शाळेंत छडी बसल्याचें घरीं सांगितलें तर आणखी दोन रट्टे मिळत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळेंतील मारहाण व मानसिक छळ यांस मनाई केली. पण घरांतील तो जुना धाक गेला आहे काय? आदर अवश्य शिकवावा. मात्र आदर म्हणजे मौन नव्हे. आंघोळ घालतांना आईनें किंवा आजीनें सहज सांगावें कीं, हे अवयव तुझे आहेत, येथें कोणीं हात लावूं नये, लावलाच तर मोठ्यानें ओरडावें आणि घरीं येऊन सांगावें, मग तो माणूस कितीही मोठा असो. कोणास जवळ जाण्याची मुलाची इच्छा नसेल तर बळजबरी करूं नये.

अर्थात् सर्वच धोके मुलास कळतात असें नाहीं. तामीळनाडूंतील कुंभकोणम् येथें १६ जुलै २००४ रोजीं स्वयंपाकघरांतील आग शाकारलेल्या छपरास लागून ९४ मुलें प्राणांस मुकलीं. शाळेवर गवताचें छप्पर असूं नये, जिना अरुंद असूं नये, हें पाहणें मोठ्यांचेंच काम होतें. म्हणून आई-बापांनीं वर्षांतून दोनदां तरी शाळा डोळ्यांनीं पाहावी : दारें बाहेर उघडतात काय, संडासाच्या कड्या कशा आहेत, पाणी कोठून येतें, आग विझविण्याचें साधन चालू आहे काय. रिक्षांत किती मुलें कोंबलीं जातात, आणि मुलास न्यावयास अनोळखी मनुष्य आल्यास शाळा काय करते, हेंही विचारावें.

एकत्र कुटुंबाचा येथें मोठा लाभ आहे. जें मूल वडिलांस भितें तें आजोबांस सांगतें. जें आईपाशीं संकोचतें तें काकूच्या कुशींत बोलतें. घरांत निदान एक माणूस असें असावें, जें रागावणार नाहीं, हंसणार नाहीं आणि मध्येंच तोडणार नाहीं. मूल पोटदुखीचें निमित्त करूं लागलें, झोपेंत दचकूं लागलें, एखाद्या माणसाचें नांव काढतांच गप्प झालें, तर त्या माणसानें जवळ बसावें. वेळ आलीच तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा दूरध्वनी आहे. तो क्रमांक मुलासही पाठ करवावा.

आमचा तो पुतण्या आतां मोठ्या वर्गांत गेला आहे. सायंकाळीं तो आला कीं आम्ही त्यास पाण्याचा पेला देतों आणि जवळ बसतों. पहिला प्रश्न अभ्यासाचा नसतो.