खडकाचं ऐकायची पाळी

पहाटे 5.30
मिलफर्ड हे युटा राज्यातलं लहानसं गाव. एप्रिल 2024, बाहेर वाळवंटी गारठा. थर्मासमध्ये चहा भरते आणि ‘युटा फोर्ज’ या भूऔष्णिक प्रकल्पाकडे गाडी काढते. तिथं सध्या ग्रॅनाइट फोडायचं काम चालू आहे.

सकाळी 6
पाळी बदलते. रात्रपाळीच्या सहकाऱ्याकडून हादऱ्यांची यादी घ्यायची. मग सुरक्षेची बैठक: दाबाखालच्या पाइपांजवळ कुणी फिरकायचं नाही.

7.30
16ए ही विहीर आधी सरळ खाली जाते, मग 65 अंशांनी कलते. तळ सुमारे अडीच किलोमीटर खोल. तिथला खडक 200 अंश सेल्सिअसच्या वर तापलेला, पण कोरडा आणि घट्ट. वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडांना भेगा आणि पाणी निसर्गानं दिलं. इथं दोन्ही आपणच पुरवायचं. केबलवरून प्लग आणि गन खाली सोडतात. प्लग विहिरीचा आधी फोडलेला टप्पा बंद करतो, गन पोलादी नळीला भोकं पाडते.

9.30
पंप सुरू. दाबाची रेषा चढत जाते आणि एकदम घसरते. खडक उकलला! पाण्याबरोबर बारीक वाळूही जाते, म्हणजे दाब उतरल्यावर भेग मिटत नाही.

11
आता माझं काम. आसपासच्या विहिरींत हादरे टिपणारे जिओफोन आणि फायबर ऑप्टिक केबल आहेत. भेग सरकली की बारीकसा हादरा बसतो. वर उभ्या माणसाला पत्ताही लागत नाही. माझ्या पडद्यावर मात्र ठिपका उमटतो. 2022 मधल्या अशाच ठिपक्यांवरून 16बी ही दुसरी विहीर कुठून न्यायची ते ठरलं. ती पहिलीच्या सुमारे 100 मीटर वरून जाते.

दुपारी 1
डबा उघडा, नजर पडद्यावर. बाझल, 2006: 3.4. पोहांग, 2017: 5.5. अशाच प्रकल्पांशी जोडलेले हे भूकंप आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ. मी पाटणची, 1967 च्या कोयनेच्या भूकंपाच्या गोष्टी ऐकत वाढलेली. ‘पंप थांबवा’ म्हणताना माझी जीभ अडखळत नाही.

3
पंप बंद झाले. पण उठायचं नाही. बाझलचा तो धक्का पाणी थांबवल्यानंतरच बसला होता. ठिपके विरळ होईपर्यंत बसून राहायचं.

संध्याकाळी 6
पाळी संपली. पाटणला पहाटेचे साडेपाच. आई उठलेली असते.
“आज हललं का गं काही?”
“हललं. पण आम्हालाच कळलं.”

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 16ए मध्ये थंड पाणी सोडलं. 16बी मधून ते 100 अंशांच्या पुष्कळ वर तापून आलं. चाचणी जवळपास महिनाभर चालली. दोन्ही विहिरी भेगांनी जोडल्या गेल्या होत्या.