सरासरीत हरवणारी सरकी

गुलाबी बोंडअळी बोंडात शिरते ती सरकी खायला. अकोला-अमरावतीत पेरल्या जाणाऱ्या संकरित बीटी कपाशीत तिला बीटी विष नसलेली सरकीही मिळते. संकरित झाडात बीटी जनुक एकाच पालकाकडून आलेलं असतं. त्यामुळे मेंडेलच्या नियमानुसार त्याच्या बोंडातल्या सुमारे पाव सरकीत ते उतरतच नाही. २००२ साली आलेल्या एका जनुकाच्या वाणांचा हा हिशेब. २००६ च्या दोन जनुकांच्या वाणांत दोन्ही नसलेली सरकी साधारण सोळात एक.

एकेका सरकीतलं बीटी प्रथिन मोजून सरासरीचा स्तंभालेख काढला, तर बीटी नसलेली ही सरकी त्यात गडप होते. १९९८ मध्ये हिंट्झ आणि नेल्सन यांनी मांडलेला व्हायोलिन आलेख मात्र जिथे मोजमापं दाटतात तिथे फुगतो. शून्यापाशी एक फुगवटा, वर दुसरा: जनुकाची वाटणी थेट डोळ्यांसमोर येते.

पण तो फुगवटा दिसणार की नाही, हे आलेख काढणाऱ्याच्या हातात असतं. रेषा किती गुळगुळीत करायची हे ठरवणारी ‘बँडविड्थ’ वाढवली की दोन फुगवटे एक होतात, आणि निष्कर्षच बदलतो. फार कमी केली तर प्रत्येक मोजमापाचा वेगळा उंचवटा उठतो. याच गुळगुळीतपणामुळे आलेखाची शेपटी शून्याखालीही उतरते. प्रथिन उणे असूच शकत नाही, म्हणून ती छाटायलाच हवी. नमुने थोडे असतील तर प्रत्येक सरकीचा ठिपकाही वर दिसावा, याबाबत माझा आग्रह आहे. दहा ठिपक्यांवर बेतलेला डौलदार आकार वाचकाची फसवणूक करतो.

पिकाच्या वयानुसार व्हायोलिनं मांडतानाही जपावं लागतं. वयाचे आकडे मजकूर म्हणून भरले, तर संगणक ११० दिवसांचं पीक ६० दिवसांच्या आधी ठेवतो. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतल्या केशव क्रांती आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं होतं, की वय वाढेल तसं झाडातलं क्राय१एसी हे बीटी प्रथिन घटत जातं. क्रम चुकला तर ही उतरण दिसणारच नाही.

आलेख पडताळायला तुलनेचं एक वाणही आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या ‘रजत’ या सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणात याच नागपूरच्या संस्थेनं बीटी जनुक आणलं. सरळ वाणात जनुक दोन्ही बाजूंनी असतं, त्यामुळे ते सगळ्या सरकीत उतरतं. संकरित वाणाशेजारी, त्याच बँडविड्थनं ‘रजत बीटी’चं व्हायोलिन काढलं, तर त्यात शून्यापाशी फुगवटा नसावा.